नुसत्या हसण्यावर किती एपिसोड निघतात?

एप्रिल २०२०. पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या दोन्ही रूममेट लॉकडाऊन लागायच्या आधीच गावी निघून गेल्या होत्या. मी 'उद्या जाऊ, परवा जाऊ' करत अडकले. शाळेपासूनची माझी एक मैत्रीण तेव्हा नागपूरला तिच्या घरी होती. आम्ही ठरवलं, आठवड्यातून एकदा दोघींनी एकच ॲनिमे एकाच वेळी बघायचं. फोन स्पीकरवर टाकायचा, 'तीन, दोन, एक' म्हणायचं आणि दोघींनी प्ले दाबायचं. तिची अट एकच होती. काहीही जड नको, आणि कोणी मरायला नको.

आम्ही निवडलं 'माय नेक्स्ट लाइफ ॲज अ व्हिलनेस: ऑल रूट्स लीड टू डूम!' नाव एवढं लांब की चाहते जपानी नावाचं लघुरूपच वापरतात, 'हामेफुरा'. मैत्रिणीची अट पहिल्या दहा मिनिटांतच मोडली, कारण यातली नायिका आधीच मेलेली असते. तरी आम्ही बघत राहिलो, कारण आम्ही हसत होतो. बारा आठवडे, बारा एपिसोड.

पुढच्या वर्षी जुलैत दुसरा सीझन आला. तीच पात्रं, तोच स्टुडिओ, तोच दिग्दर्शक, जोकही त्याच जातीचे. चौथ्या एपिसोडनंतर मैत्रीण म्हणाली, "पुढचा नंतर बघू गं." ते 'नंतर' आलंच नाही. उरलेला सीझन मी बऱ्याच महिन्यांनी एकटीनं संपवला, जेवताना काहीतरी लावायचं म्हणून.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. हलकीफुलकी हॅरेम कॉमेडी फक्त विनोदाच्या जोरावर चालते का? चालत असेल, तर पहिल्या सीझनला जे पुरलं ते दुसऱ्याला का पुरलं नाही? जोक तर संपले नव्हते.

ट्रेन कोण सोडतं?

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅरेम कॉमेडीत मधोमध एक मुलगा असतो आणि त्याच्याभोवती त्याच्यावर जीव टाकणाऱ्या चार-पाच मुली. मुलगी मधोमध आणि भोवती मुलं असली की ती 'रिव्हर्स हॅरेम'. 'हामेफुरा'त नायिकेभोवतीच्या घोळक्यात मुलं आहेत तशा मुलीही आहेत.

या प्रकाराची अडचण पहिल्या दिवसापासून ठरलेली असते. मधल्या माणसानं कुणा एकाला 'हो' म्हटलं की गोष्ट संपते. त्यामुळे ते 'हो' लांबवावं लागतं, आणि लांबवायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे विनोद. मुलगी मनातलं बोलायला तोंड उघडते आणि नेमकी शेजारून ट्रेन धडधडत जाते. उन्हाळी जत्रेत आकाशात फटाके फुटतात आणि नायक विचारतो, "काय म्हणालीस?" नायकाचा पाय घसरतो, तो भलतीच्याच अंगावर पडतो, थप्पड खातो आणि विषय बदलतो.

पहिल्यांदा आपण हसतो. तिसऱ्यांदा ओळखीचं हसतो. पाचव्यांदा आपल्याला कळतं की ही ट्रेन लेखकानं सोडलेली आहे. त्यानंतर तोच जोक कितीही चांगल्या टायमिंगनं आला तरी आपण जोकाकडे बघत नाही, लेखकाच्या घड्याळाकडे बघतो.

म्हणून विनोद पुरतो का, हे ठरवताना जोक किती चांगले आहेत एवढंच बघून भागत नाही. ते कुणाच्या गरजेतून आलेत तेही बघावं लागतं. पात्राच्या गरजेतून आलेला जोक टिकतो. लेखकाला वेळ काढायचा म्हणून आलेला जोक विटतो.

नऊ वर्षं न बोललेला शब्द

या सगळ्या घोळाच्या मुळाशी रुमिको ताकाहाशी यांची 'उरुसेई यात्सुरा' आहे. ही मांगा १९७८ ते १९८७ अशी चालली आणि त्यावरचं ॲनिमे १९८१ साली सुरू झालं. २०२२ मध्ये ते नव्यानं काढलं गेलं, तुमच्यापैकी अनेकांनी तेच पाहिलं असेल.

गोष्ट शुद्ध वेडगळ आहे. परग्रहावरचे लोक पृथ्वी जिंकायला येतात आणि निकाल पकडापकडीवर लावायचं ठरतं. पृथ्वीतर्फे खेळायला निवडला जातो आतारू, ज्याचं एकमेव कौशल्य म्हणजे दिसेल त्या मुलीच्या मागे लागणं. त्याला दहा दिवसांत लम नावाच्या मुलीची शिंगं पकडायची असतात. जिंकलास तर लग्न करीन, असं त्याची मैत्रीण शिनोबू सांगते. तो शिंगं पकडतो आणि आता लग्न होणार म्हणून आनंदानं ओरडतो. लमला वाटतं, ही मागणी आपल्यालाच घातली. ती त्याच्या घरी राहायलाच येते आणि तो दुसऱ्या मुलीकडे बघताना दिसला की त्याला विजेचे झटके देते.

इथं सगळा भार विनोदावरच आहे असं वाटतं. एका भागाचा दुसऱ्याशी फारसा संबंध नसतो, कुणी शहाणं होत नाही, कुणी वयानं वाढतही नाही. पण नऊ वर्षांचा तो सगळा धुडगूस एका गोष्टीभोवती फिरतो. आतारू जगातल्या प्रत्येक मुलीला 'तू मला आवडतेस' म्हणतो, फक्त लमला म्हणत नाही. शेवटी पुन्हा पकडापकडी होते. या वेळी तो हरला तर सगळ्यांच्या मनातून लमच्या आठवणी पुसल्या जाणार असतात. तेवढा एक शब्द बोलला तर सुटका आहे. तो जिवाच्या आकांतानं तिच्यामागे धावतो, पण शब्द उच्चारत नाही. मरताना म्हणीन, एवढंच कबूल करतो.

हेसुद्धा लांबवणंच आहे. पण लांबवतो कोण? आतारू. ट्रेन त्यानं स्वतः सोडली आहे. जो शब्द त्यानं इतरांवर उधळून स्वस्त केला, तो हिच्यापुढे म्हणायची त्याला भीती वाटते. इतकी वर्षं आपण ज्याला लंपटपणाचा जोक म्हणून हसलो, ती शेवटी या माणसाची लपायची जागा निघते.

कुऱ्हाड घेऊन आलेली बहीण

आता 'हामेफुरा'कडे. कतारिना ही सरदारघराण्यातली आठ वर्षांची लाडावलेली मुलगी. एकदा डोकं आपटतं आणि तिला आठवतं की मागच्या जन्मी आपण जपानमधली गेमवेडी शाळकरी मुलगी होतो. त्याहून वाईट म्हणजे आपला नवा जन्म आपण खेळायचो त्याच गेममध्ये झालाय आणि तोही नायिकेचा नाही, खलनायिकेचा. गेमची गोष्ट कशीही वळली तरी खलनायिकेच्या वाट्याला दोनच शेवट, हद्दपारी नाहीतर मृत्यू.

मग ती तयारीला लागते. हद्दपार झालो तर पोट भरता यावं म्हणून वाड्याच्या बागेत भाजीपाला लावते. ज्या राजपुत्राच्या हातून मरण लिहिलंय तो सापाला घाबरतो हे कळल्यावर खेळण्यातले साप बनवते, आणि वर्षानुवर्षं ते अधिक खरे दिसावेत म्हणून मेहनत घेते. तिची जादू म्हणजे जमिनीवर एक छोटासा उंचवटा आणणं. संकट आलं की तिच्या डोक्यात सगळ्या कतारिनांची बैठक भरते. एक अध्यक्ष, एक घाबरट, एक उगाच खूश, आणि ठराव शेवटी भलताच पास होतो.

या मुलीला भोवतालच्या सगळ्यांचं प्रेम कळत नाही. वरवर बघता हा तोच 'काय म्हणालीस?'वाला नायक. पण तिला न कळण्याला कारण आहे. तिनं गेम खेळलाय. कोण कुणावर प्रेम करणार हे तिला 'माहीत' आहे आणि त्या यादीत तिचं नाव नाही. समोरचा माणूस काय म्हणतोय ते तिला ऐकू येतं, पण ती त्याला ओळखते जुन्या पटकथेतून. आपण हसतो ते तिच्या मूर्खपणाला नव्हे, तिच्या तयारीला. परीक्षेला भलत्याच विषयाचा अभ्यास करून बसलेली मुलगी आहे ती, आणि अभ्यास मात्र अगदी मन लावून केलेला.

पहिल्या एपिसोडमधला प्रसंग घ्या. तिचा दत्तक भाऊ कीथ. त्याच्या जादूमुळे कतारिनाला इजा होते आणि तो स्वतःला खोलीत कोंडून घेतो. गेममधला कीथ असाच एकटा वाढून पुढे तिच्या नाशाला कारण होणार असतो. कतारिना दार वाजवते, विनवते, आणि मग कुऱ्हाड आणून दार फोडते. आम्ही दोघी फोनवर खो खो हसलो. पण दार फुटल्यावर आत जो मुलगा बसलेला असतो, तो खरोखर घाबरलेला आहे. त्याला दार फोडून कुणीतरी आत यायला हवं होतं. जोक आणि माया एकाच कुऱ्हाडीच्या घावात आली, दोन वेगळी दृश्यं करावी लागली नाहीत.

मेरी लाजाळू आहे, तिचा बागकामाचा हात चांगला आहे. गेममध्ये हे कौतुक तिला राजपुत्र ॲलनकडून ऐकायला मिळणार असतं. कतारिना सहज बोलून जाते आणि ॲलनचं वाक्य तिच्याकडून आधीच वापरलं जातं. सोफियाच्या पांढऱ्या केसांना लोक शाप म्हणतात, कतारिना सरळ सुंदर म्हणते. दर वेळी ती स्वतःचा जीव वाचवायच्या गडबडीत असते आणि दर वेळी दुसऱ्या कुणाचा तरी जीव सावरते. हसवणारी भीती आणि जवळ आणणारी कृती एकच असल्यामुळे पहिला सीझन कुठं थांबून 'आता जरा भावुक होऊ' म्हणत नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये गेम संपलेला आहे. मरणही टळलेलं आहे, हद्दपारीही. पण कतारिनाला प्रेम कळलं तर तिला निवड करावी लागेल, म्हणून ते तिला कळू द्यायचं नाही. तेव्हा भाजीचा वाफा राहतो, डोक्यातली बैठक राहते, खाऊवर तुटून पडणं राहतं. फक्त त्यांच्यामागची भीती गेलेली असते. जिओर्डो आणि कीथ आता जवळजवळ उघड बोलतात तरी गाडी पुढं सरकत नाही. अपहरणाचे प्रसंग आहेत, कीथ गायब होतो, म्हणजे संकटं कमी नाहीत. पण ती बाहेरून आणून ठेवलेली आहेत. कतारिनाच्या वेंधळेपणाशी त्यांचं काही नातं नाही. पहिल्या सीझनमध्ये ती आंधळी होती कारण घाबरलेली होती. दुसऱ्यात ती आंधळी आहे कारण तिसऱ्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवायचंय.

बिल कोण भरतं?

इथून मी स्वतःसाठी एक साधी कसोटी केली आहे. जोक झाला की त्याचं बिल कोण भरतं?

'लव्ह हिना' हे २००० सालचं ॲनिमे घ्या, केन आकामात्सु यांच्या मांगावरचं. केइतारो तोक्यो विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा पुन्हा पुन्हा नापास होतोय. तिकडे अशा मुलांना 'रोनिन' म्हणतात, आपल्याकडे 'ड्रॉप घेतलाय' म्हणतात. तो मुलींच्या वसतिगृहाचा व्यवस्थापक होतो, चुकून भलत्या वेळी दार उघडतो आणि नारूचा ठोसा खाऊन आकाशात उडतो. या ठोशाचं बिल कुणीच भरत नाही. त्याला लागत नाही, तिला वाईट वाटत नाही, पुढच्या दृश्यात सगळं जिथल्या तिथं. आज ते बघताना मला मुलींचं अवघडलेपण हसण्यावारी नेलेलं दिसतं आणि अंगठा आपोआप फॉरवर्डवर जातो. पण निकालाच्या दिवशी याच मालिकेत मी अजून गप्प बसते. परीक्षेत केइतारो खरंच काहीतरी हरतो.

याउलट 'औरान हायस्कूल होस्ट क्लब', २००६, सव्वीस एपिसोड. श्रीमंतांच्या शाळेत शिष्यवृत्तीवर आलेली हारुही ऐंशी लाख येनची फुलदाणी फोडते आणि कर्ज फेडायला मुलगा बनून होस्ट क्लबात काम करते. तिथं हिकारू आणि काओरू ही जुळी भावंडं येणाऱ्या मुलींबरोबर 'हिकारू कोणता?' हा खेळ खेळतात. सुरुवातीला तो निव्वळ गंमतीचा आयटम असतो. हारुही मात्र बरोबर ओळखते. पुढे त्यांचं लहानपण कळतं, आणि लक्षात येतं की आपल्याला वेगळं ओळखणारं कुणी भेटेल का, हे ती दोघं त्या खेळातून वर्षानुवर्षं विचारत होती. न ओळखणाऱ्यांना तुच्छ लेखून खिदळणं ही त्यांची निराशा होती. जोक तोच राहतो, पण दुसऱ्यांदा बघताना त्याचं बिल कुणाच्या नावावर होतं ते दिसतं.

मग शुद्ध धमालीचं काय?

माझ्या मैत्रिणीचा यावर जुना आक्षेप आहे. ती म्हणते, "तू प्रत्येक जोकात जखम शोधतेस. मला फक्त हसायचं असेल तर?" आक्षेप रास्त आहे. 'मंथली गर्ल्स नोझाकी-कुन' (२०१४) हेच तर करतं. साकुरा धीर करून प्रेम सांगायला जाते, नोझाकी तिला चाहती समजून सही देतो आणि पुढे आपल्या मांगाच्या पानांवर काळी शाई भरायला बसवतो. कुणाला खोल दुःख नाही, तरी बाराही एपिसोड मी तीनदा पाहिलेत. पण ती बारा एपिसोडांत थांबते, आणि तिच्या जोकांना एक धंदा आहे. मांगा कशी बनते, प्रेमकथेतली साचेबंद दृश्यं कशी जुळवतात, याच्या तपशिलातून त्या गमती निघतात. नुसता विनोद इतक्या अंतरापर्यंत नक्की नेतो. त्यापुढे न्यायचं असेल तर खांद्याला दुसरा खांदा लागतो.

आणि सगळ्यात मोठा पेच म्हणजे 'द हंड्रेड गर्लफ्रेंड्स हू रिअली, रिअली, रिअली, रिअली, रिअली लव्ह यू'. पहिला सीझन २०२३ अखेरचा, दुसरा २०२५ चा. रेंतारोला शाळेत शंभर मुलींनी नकार दिलेला असतो. देवळातला देव त्याला सांगतो की आपल्या हलगर्जीपणामुळे तुझ्या नशिबात एकाऐवजी शंभर जोडीदार लिहिले गेलेत. आणि भेटल्यावर त्यांच्यापैकी जिला तुझं प्रेम मिळणार नाही, ती मरेल.

कल्पना ऐकूनच माणूस ॲप बंद करेल. पण हा जोक हॅरेमच्या जुन्या दुखण्यावरच बोट ठेवतो. न निवडणं इथं शक्यच नाही. ट्रेन, फटाके, 'काय म्हणालीस', सगळ्याला रजा. रेंतारोला प्रत्येकीला 'हो' म्हणायचंय आणि ते शंभर टक्के निभावायचंय, आणि मरणाची अट त्या मुलींपासून लपवायचीय. शिझुका ही मुलगी बोलू शकत नाही, आवडत्या पुस्तकातल्या ओळींवर बोट ठेवून संवाद साधते. रेंतारो रात्रभर जागून ते अख्खं पुस्तक फोनमध्ये टाइप करतो, म्हणजे ओळ निवडली की फोन तिच्या वतीनं बोलेल. हा अतिरेकाचा जोक आहे, डोळे तांबारलेला रेंतारो हास्यास्पद दिसतो. पण बिल त्यानंच भरलंय, झोपेच्या नाण्यांत.

ही मालिकाही सगळीकडे टिकत नाही. हाकारीची आईच जोडीदारांच्या रांगेत येते तिथं मला हसू आलं नाही, नुसतं अवघडायला झालं. पात्रं वाढत जातात तशी एकेकीच्या वाट्याला एक सवय आणि एक ओळ उरते. शंभर जणींना पुरेल एवढी झोप एका मुलाकडे नसते आणि एका लेखकाकडेही.

अकरावा एपिसोड

परत जून २०२०. 'हामेफुरा'चा अकरावा एपिसोड. कतारिनाला जादूनं गाढ झोपवलेलं असतं आणि झोपेत ती मागच्या जन्मात जाते. तीच शाळा, तोच वर्ग, तीच जिवलग मैत्रीण आच्चान, जिच्याबरोबर ती गेमच्या गप्पा मारायची. सगळं इतकं साधं आहे की तिला परत जावंसंच वाटत नाही. शेवटी आच्चानच तिला निरोप देते, तिकडे तुझी वाट बघणारी माणसं आहेत म्हणून. आणि आपल्याला कळतं की ती सोफियाच्या रूपानं तिकडेही तिच्याबरोबरच आहे.

दहा एपिसोड आम्ही 'मागच्या जन्मीची गेमवेडी' हा एक जोक म्हणून धरला होता. त्या जोकात एक मैत्रीण मागे राहून गेलेली होती, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

एपिसोड संपला. एरवी नावांची पाटी लागायच्या आत बडबड सुरू करणारी माझी मैत्रीण काहीच बोलली नाही. मला वाटलं, नेट गेलं. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. आम्ही तेव्हा चार महिने भेटलो नव्हतो आणि कधी भेटू ते माहीत नव्हतं.

"काहीही जड नको म्हणाले होते ना मी," ती म्हणाली.

"हलकंच आहे गं," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी पुन्हा त्या खेळण्यातल्या सापांवर हसायला लागलो.